नातेवाइकांसाठी थांबलेला ट्रे

"तुमच्या नांदेडच्या केसेस आम्ही बाजूला काढतोय," डॉ. नाडकर्णी फोनवर म्हणाल्या. "पुढच्या मीटिंगमध्ये तुमचं सेंटरच बंद करावं असा विषय आहे. तुम्हाला बाहेरून कळू नये म्हणून आधी सांगते."

डॉ. नाडकर्णी मुंबईच्या एका कॅन्सर संशोधन संस्थेत पॅथॉलॉजिस्ट आहेत. मी लातूरला पॅथॉलॉजिस्ट आहे. ऑपरेशनमध्ये काढलेला भाग कापून, त्याचे पातळ काप मायक्रोस्कोपखाली बघून आजार कोणता ते सांगणं हे आमचं काम. पेशंट आम्हाला सहसा भेटत नाही. त्याचा तुकडा भेटतो.

आमच्या दोघींमध्ये एक अभ्यास चालू होता. विषय होता मोठ्या आतड्याचा कॅन्सर आणि इम्युनोथेरपी. शरीराची प्रतिकारशक्ती एरवी परक्या पेशी ओळखून मारते. कॅन्सरच्या पेशी तिला थोपवून धरतात. इम्युनोथेरपीची औषधं हा अडसर काढतात, पुढचं काम शरीर करतं. पण ती सगळ्यांना लागू पडत नाहीत. ज्यांना पडत नाहीत त्यांना दुष्परिणाम मात्र होऊ शकतात. म्हणून औषध कुणाला द्यायचं हे आधी सांगणारी खूण लागते. तिला बायोमार्कर म्हणतात.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये अशी एक खूण चांगली ओळखीची आहे. पेशी वाढताना तिच्या डीएनएची नक्कल होते. नक्कल करताना चुका होतात. त्या दुरुस्त करणारी चार प्रथिनं पेशीत असतात. त्यांतलं एखादं गेलं की चुका साठत जातात आणि ती गाठ शरीराला परकी दिसू लागते. अशा गाठींवर इम्युनोथेरपी बऱ्याचदा चालते. तपासणी दिसायला सोपी आहे. तुकड्याच्या कापावर एक रंग चढवायचा. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग येतो. शेजारच्या निरोगी पेशी तपकिरी आणि गाठीच्या पेशी कोऱ्या दिसल्या, तर प्रथिन गाठीतून गेलेलं आहे.

ही खूण जुनी असली तरी आमच्या भागातल्या पेशंटमध्ये ती किती सापडते, तिच्या जोडीला आणखी कोणत्या खुणा उपयोगी पडतील, हे कुणी नीट पाहिलेलं नव्हतं. मुंबईकडे मशीन आणि माणसं होती. पेशंट आमच्याकडे होते. लातूर आणि नांदेडच्या दोन हॉस्पिटलांतले ऑपरेशनचे नमुने माझ्या लॅबमध्ये यायचे. मी त्यांचे मेणातले ठोकळे करायची. त्यांना ब्लॉक म्हणतात. ते मुंबईला जायचे.

"नांदेडमध्ये नेमकं काय बिघडलंय?" मी विचारलं.

"गाठ कोरी आहे."

"मग तेच तर आपण शोधतोय."

"निरोगी पेशीही कोऱ्या आहेत, मॅडम. सगळी स्लाइड कोरी. एखादी असती तर सोडून दिली असती. तुमच्या नांदेडच्या निम्म्याहून जास्त अशाच आहेत."

निरोगी पेशी कोऱ्या असू शकत नाहीत. पेशंट जिवंत असताना ते प्रथिन त्याच्या आतड्यात होतं. शरीरातून बाहेर आल्यानंतर कुठेतरी ते नष्ट झालं. म्हणजे तो तुकडा आता कुठल्याही प्रश्नाचं उत्तर देणार नव्हता. त्याच तुकड्यांवर डीएनएची तपासणीही त्यांनी करून पाहिली होती. तीही नीट लागली नव्हती.

मी मीटिंगपर्यंत मुदत मागून घेतली.

त्याच आठवड्यात बिराजदार सर लॅबमध्ये आले. वय पस्तिशीच्या आसपास. नांदेडला एका कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायचे. माझी लॅब लातूरच्या क्लासेसच्या गल्लीत आहे. जिन्यात रक्त तपासायला आलेली होस्टेलची मुलं बसलेली असतात. त्यांतल्या दोघांनी सरांना क्लासच्या जाहिरातीतल्या फोटोवरून ओळखलं आणि उठून जागा दिली. सर बसले नाहीत.

त्यांचं आतड्याचं ऑपरेशन नांदेडला झालं होतं. गाठ निघाली, पण नंतरच्या स्कॅनमध्ये लिव्हरवर डाग दिसले. केमोथेरपी लातूरला चालू होती. डाग वाढतच होते. त्यांच्या कॅन्सरतज्ज्ञांनी सांगितलं होतं की प्रथिनाचा रिपोर्ट आला आणि तो हवा तसा असला, तर मुंबईच्या एका ट्रायलमध्ये, म्हणजे औषधाच्या चाचणीत, इम्युनोथेरपी मिळू शकेल. नाही तर आहे तीच केमो, ती झेपेल तोवर.

"रिपोर्ट आला का, मॅडम?"

"आला. पण वाचण्यासारखा नाही."

मी त्यांना स्लाइडचा प्रकार समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे पेपर कोरा आला," ते म्हणाले, "पण पोराला येत नव्हतं, का पेनात शाईच नव्हती, ते सांगता येत नाही."

"बरोबर."

"मग फेरपरीक्षा?"

"त्याच ब्लॉकवर घेऊन उपयोग नाही. आधी शाई कुठं गेली ते शोधते."

निघताना मी त्यांना विचारलं, घरात आणखी कुणाला कॅन्सर होता का. एवढ्या कमी वयात मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला की हा प्रश्न विचारावाच लागतो. दुरुस्तीचं प्रथिन नसणं कधी कधी घराण्यातून येतं.

"आईकडं कुणाला नाही. वडिलांचं काही सांगता येत नाही," ते म्हणाले. "भूकंपात गेले. तिशीचे पण नव्हते. जगले असते तर त्यांना काय झालं असतं, कसं कळणार? मी चुलत्यांकडं वाढलो, निलंग्याजवळ. आजीचं त्यांना ठाऊक असेल."

मी शोध माझ्या लॅबपासून सुरू केला. पहिला संशय फॉर्मालिनवर होता. शरीराबाहेर काढलेला भाग सडू नये, होता तसा राहावा, म्हणून तो या द्रावणात बुडवतात. द्रावण आंबट झालं तर प्रथिनं बिघडतात. तपासलं, ठीक होतं. दुसरा संशय वीज जाण्यावर होता. तुकडे मेणात मुरवणारं मशीन मध्येच बंद पडलं तर नुकसान होतं. पण लातूरच्या हॉस्पिटलचे नमुने त्याच मशीनमधून गेले होते आणि त्यांच्या स्लाइड्स उत्तम होत्या. तिसरा संशय प्रवासावर. नांदेडचे डबे गाडीने येतात, उन्हाळ्यात गाडी तापते. पण नांदेडहूनच आलेल्या छोट्या बायोप्सी, म्हणजे दुर्बिणीतून काढलेले कणाएवढे तुकडे, त्याच गाडीतून येऊन व्यवस्थित रंगले होते. बिघडत होते ते ऑपरेशनमध्ये निघालेले मोठे नमुने. तेही फक्त नांदेडचे.

राहिली एकच जागा. भाग पोटातून निघाला तिथपासून तो फॉर्मालिनमध्ये पडला तिथपर्यंत. तो टप्पा मी कधी पाहिला नव्हता, कारण तो माझ्या लॅबमध्ये नसतो. मी नांदेडच्या सर्जनना फोन करून तिथे जायचं ठरवलं.

डॉ. सूर्यवंशी चांगले सर्जन आहेत. त्या दिवशी त्यांच्याकडे मुदखेडकडच्या एका बाईंचं आतड्याचं ऑपरेशन होतं. सकाळीच गाठ निघाली. आतड्याचा तो भाग स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवला गेला, वर ओला कपडा टाकला. ट्रे थिएटरच्या दाराजवळच्या ओट्यावर आला. तिथेच तो राहिला.

मी थोडी थांबले. मग सिस्टरना विचारलं, "फॉर्मालिनमध्ये कधी टाकता?"

"दाखवून झालं की," त्या म्हणाल्या.

"कुणाला?"

"नातेवाइकांना. मुलगा हाय बाहेर, पण त्यांचे मोठे दीर यायचेत. मुदखेडहून निघालेत म्हणे. ते आल्याबिगर बघत न्हाईत ते लोक."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे ऑपरेशन झाल्यावर काढलेला गोळा नातेवाइकांना दाखवायची पद्धत आहे. डॉक्टर किंवा सिस्टर ट्रे बाहेर आणतात, कपडा काढतात, हा बघा म्हणतात. लोक बघतात, मान हलवतात, कुणी बायका तोंडाला पदर लावतात. मग ट्रे आत जातो. यात गैर काही नाही. पण नांदेडच्या या हॉस्पिटलमध्ये ती पद्धत एक पाऊल पुढे गेली होती. घरात शब्द ज्याचा चालतो, त्याने बघितल्याशिवाय बघणं पुरं होत नसे. तो माणूस बहुधा गावाकडे असायचा. एसटी मिळेल तेव्हा मिळेल. तोवर ट्रे ओट्यावर.

रक्तपुरवठा तुटल्यावर पेशी लगेच मरत नाहीत. त्या स्वतःलाच आतून खाऊ लागतात. कॅन्सर आहे की नाही एवढंच बघायचं असेल तर तीन-चार तासांनी फारसं बिघडत नाही. गाठ गाठच दिसते. त्यामुळे इतकी वर्षं या ओट्यावर कुणाचंही नुकसान झालेलं नव्हतं. प्रथिनं शोधायची ठरवल्यावर मात्र गणित बदललं. त्यांच्यासाठी पहिला तास महत्त्वाचा असतो.

दीर दुपारी आले. धोतर, टोपी, खांद्यावर टॉवेल. ट्रे बाहेर नेला. त्यांनी वाकून बघितलं.

"एवढाच हाय का?" त्यांनी विचारलं.

"एवढाच, काका," सूर्यवंशी म्हणाले. "आख्खा काढलाय."

"हाव. चांगलं झालं." आणि मुलाकडे वळून, "आता जेव जा."

चहा घेताना मी सूर्यवंशींना सगळं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"मॅडम, तुम्ही आम्हाला दाखवणं बंद करा म्हणून राहिल्या का?"

"वेळेत दाखवा म्हणतेय. जो कुणी हजर असेल त्याला."

"हजर असतो तो पोरगा. पोराच्या बघण्याला घरात किंमत नसती. मागं एकदा असंच केलं. पोराला दाखवलं, डब्यात टाकलं. संध्याकाळी चुलते आले. म्हणले, डॉक्टरनं नुसतं फाडून शिवलं, आत कायच केलं न्हाई. माझ्या रिसेप्शनची काच अजून नवी दिसती ना? त्याच दिवशीची हाय."

"मोबाईलवर फोटो?"

"फोटो कुणाचाबी असतो म्हणतात. अन् खरं हाय ते."

"फॉर्मालिनमधला दाखवला तर?"

"करून बघितलं. पांढरा फट्ट पडतो, मॅडम. मटणाच्या दुकानातलं आणून ठेवलं का म्हणले." त्यांनी कप पुन्हा उचलला. "मला तुमचा स्टडी समजतो. पण स्टडी मुंबईला ऱ्हातो. मी इथंच ऱ्हाऊन राहिलो."

मी जाता जाता सिस्टरना विचारलं, बिराजदार सरांच्या वेळी काय झालं होतं. त्यांना चांगलं आठवत होतं, कारण सर त्यांच्या मुलीला शिकवत होते. सरांचे चुलते निलंग्याहून निघाले होते. निलंगा ते नांदेड, मध्ये लातूरला गाडी बदलायची. ट्रे दिवस कलेपर्यंत ओट्यावर होता.

म्हणजे शाई कुठे गेली ते कळलं होतं. सरांना त्याचा उपयोग काही नव्हता. त्यांना निकाल हवा होता आणि मोठा नमुना हातचा गेला होता.

पण ऑपरेशनच्या आधी कधीतरी त्यांची दुर्बिणीतून बायोप्सी झालेली असणार. तो तुकडा कुणाला दाखवायची पद्धत नाही. दुर्बिणीच्या चिमट्यातून तो थेट फॉर्मालिनच्या बाटलीत पडतो. सरांना फोन केला. बायोप्सी नांदेडलाच झाली होती, डॉ. काझींच्या लॅबमध्ये.

डॉ. काझी माझ्यापेक्षा वयाने मोठे. नांदेडमध्ये त्यांची लॅब माझ्या लॅबच्या आधीपासूनची आहे. अभ्यासासाठी मुंबईने लातूर निवडलं तेव्हा ते मला एका कॉन्फरन्समध्ये भेटले होते आणि हवापाण्यावर बोलले होते. मी तशीच त्यांच्याकडे गेले.

"आइये मॅडम," ते म्हणाले. "स्टडी लातूरला, आन ब्लॉक नांदेडचा. असंच ना?"

"असंच, काझीसाहेब."

"ब्लॉक मी देत नाही. एकदा एका मोठ्या शहरात दिला. परत आला न्हाई. पेशंटनं मागितला तेव्हा माझ्याकडं दाखवायला काय? रिपोर्टचा कागद. ब्लॉक गेला की पुरावा गेला."

त्यांचं म्हणणं रास्त होतं. बायोप्सीचा तुकडा इवलासा असतो. त्यातून मोजकेच काप निघतात.

"मग ब्लॉक देऊ नका," मी म्हणाले. "काप तुम्हीच काढा. स्लाइड्स फक्त मुंबईला जातील."

"त्यालाबी पेशंटची सही लागेल. अन् तुमचं मुंबई हे घेणार का? स्टडीत तर ऑपरेशनचाच नमुना पाहिजे ना. वाचलंय मी. मला निवडलं नसलं तरी वाचलंय."

मी त्यांच्यासमोरच नाडकर्णींना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. नाडकर्णी म्हणाल्या, प्रोटोकॉलमध्ये बायोप्सी नाही, अभ्यासात धरता येणार नाही.

"अभ्यासात धरू नका," मी म्हणाले. "पेशंटसाठी तपासा. ट्रायलला निकाल लागतो, नमुना कुठला याच्याशी त्यांना घेणं नाही."

"पाठवा," त्या म्हणाल्या. "पण काप ताजे हवेत. आणि काढणाऱ्याला सांगा, सुरुवातीला मेण फार छाटू नका. टिश्यू जाईल."

काझींनी फोनकडे बघितलं. "त्यांना सांगा, मी छाटायला लागलो तेव्हा त्या शाळेत होत्या."

"ऐकू आलं, सर," नाडकर्णी म्हणाल्या.

सही करायला सर दुसऱ्या दिवशी काझींकडे आले. मी नांदेडलाच थांबले होते. सरांबरोबर त्यांचे चुलते होते, व्यंकटराव. सर त्यांना तात्या म्हणत. सत्तरीचे, ताठ, बोलणं कमी. सही झाल्यावर सरांनी मला विचारलं, "ऑपरेशनचा तुकडा कशानं खराब झाला, सापडलं का?"

मी तात्यांकडे बघितलं नाही. "बाहेर जास्त वेळ राहिला. तिथं हा नियम कुणाला माहीत नव्हता. मीही त्यांना सांगितला नव्हता, कारण मला वाटलं होतं की तो लगेच फॉर्मालिनमध्ये जातो."

सर केमिस्ट्रीचे शिक्षक. त्यांनी पुढचं विचारलं नाही. तात्यांनी विचारलं.

"किती येळ ऱ्हायला भाईर?"

सर सही केलेला कागद काझींकडे सरकवू लागले.

"म्याच सांगितलं हुतं फोनवर," तात्या म्हणाले. "म्या आल्याबिगर हलवू नगा म्हणून."

"तात्या, राहू द्या," सर म्हणाले.

"राहू कसं दिऊ? ह्याच्या बापाला म्या बघितलं न्हाई, बाई. भूकंपाच्या टायमाला म्या सोलापूरला हुतो. गावात पोचलो तवर सगळ्यास्नी एकदमच अग्नी दिऊन झालता. लई मानसं हुती, त्यांनी तरी काय करावं. पण म्या बघितलं न्हाई. लोक म्हणले तुझा भाऊ त्यात हुता. आसंल. तवापासनं म्या डोळ्यानं बघितल्याबिगर कशावर इस्वास ठिवत न्हाई. पोराचा रोग भाईर निघाला का, ते मला बघायचं हुतं."

काझी आतून पाणी घेऊन आले. तात्यांनी ते घेतलं.

मी त्यांना आजीबद्दल विचारलं. प्रश्न विचारायचा होताच, आणि विषयही बदलायला हवा होता.

"आमची माय अंगावर जाऊन जाऊन गेली," ते म्हणाले. "बायांचं दुखणं म्हणले. पिशवीत गाठ झाली हुती आसं दवाखान्यात म्हणले, पण तवर लई उशीर झालता. चाळिशीत आसंल."

मोठं आतडं आणि गर्भाशय, दोन्ही कॅन्सर एकाच घराण्यात, दोन्ही कमी वयात. दुरुस्तीचं प्रथिन वारशाने नसलेल्या घरांमध्ये ही जोडी दिसते. मधली पिढी, म्हणजे सरांचे वडील, नसल्यामुळे आजवर कुणाला हे जुळवता आलं नव्हतं. मी काझींकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. पण स्लाइड रंगेपर्यंत हा केवळ अंदाज होता, आणि अंदाजावर ते औषध मिळत नाही.

काझींनी त्याच दिवशी स्वतः मशीनवर बसून काप काढले.

निकालाची वाट बघताना सूर्यवंशींचा प्रश्न तसाच उभा होता. त्याचं उत्तर काझींनी काढलं. त्यांची लॅब हॉस्पिटलच्या समोरच्या रस्त्याला आहे.

"गाठ निघाली की मला बोलवा," ते सूर्यवंशींना म्हणाले. "मी ओट्यावर येतो. जे कुणी नातेवाईक हायेत त्यांच्यासमोर आतडं उभं उघडतो. आतून गाठ कशी हाय ते दाखवतो. तुम्ही तर नुसतं वरून दाखवता. मग त्यांच्यासमोरच डब्यात टाकतो, डब्यावर पोराची सही घेतो. म्हातारा उशिरा आला तर डबा बघायला माझ्याकडं पाठवा."

"पांढरा पडला म्हणल्यावर?"

"सांगतो त्याला मी. लोणच्यात फोड रंग बदलती. म्हणून कैरी दुसऱ्याची होती का?"

सूर्यवंशी हसले नाहीत, पण तयार झाले. "पहिला म्हातारा तुम्ही सांभाळा. काच फुटली तर तुमच्याकडून घेईन."

पहिल्या खेपेला मी हजर होते. आतडं लांबीने उघडणं आम्हाला एरवीही करावं लागतं, नाही तर द्रावण आतपर्यंत पोचत नाही. एक बाई बघता बघता बाजूला जाऊन बसल्या. बाकीचे पुढे सरकले. गाठ आतून कोबीच्या गड्ड्यासारखी होती. पेशंटच्या मुलाने वाटेत असलेल्या मामांना फोन लावला आणि सांगितलं, "मामा, आतून उघडून दाखवलं त्यांनी. या सावकाश." मामा आले, काझींच्या लॅबमध्ये गेले, डबा बघितला, सही बघितली, चहा पिऊन गेले. सगळेच असे निघाले नाहीत. एका घरातल्या मोठ्या भावाने डब्यातून गोळा बाहेर काढून दाखवायला लावला आणि हात लावून खात्री केली. काझींनी त्याला हातमोजे दिले.

सरांचा निकाल आला. नाडकर्णींनी फोटो पाठवले होते. निरोगी पेशी स्वच्छ तपकिरी. गाठीच्या पेशींत चारपैकी दोन प्रथिनं नव्हती. यात वादाला जागा नव्हती. नाडकर्णींनी खाली एवढंच लिहिलं होतं, की काप फार चांगले आहेत, काढणाऱ्या सरांना कळवा. मी कळवलं. "कळलं," काझी म्हणाले.

सरांना ट्रायलमध्ये घेतलं. ते काही काळ मुंबईला ये-जा करत राहिले. पहिल्या स्कॅनमध्ये लिव्हरवरचे डाग होते तेवढेच होते. त्यानंतरच्या स्कॅनमध्ये कमी झाले, आणि पुढे बरेचसे गेले. बरे झाले हा शब्द आम्ही इतक्यात वापरत नाही. औषधाने त्यांची थायरॉइडची ग्रंथी मंदावली. इम्युनोथेरपीत असं होतं, मोकळी सुटलेली प्रतिकारशक्ती कधी आपल्याच अवयवांवर जाते. त्यासाठी त्यांना रोज गोळी घ्यावी लागते. सध्या ते सकाळच्या बॅचला शिकवतात. दुपारच्या बॅचेस सोडल्या आहेत.

रक्ताच्या तपासणीत दोष घराण्यातून आल्याचं नक्की झालं. तेव्हा तात्यांचीही तपासणी करावी लागली, कारण तो दोष त्यांच्यातही असू शकत होता, आणि होता. दुर्बिणीने आतडं बघताना त्यांनी झोपेचं इंजेक्शन घ्यायला नकार दिला आणि स्क्रीनवर शेवटपर्यंत बघत राहिले. एक लहान कोंब सापडला, पुढे ज्याचा कॅन्सर होऊ शकतो असा. तो तिथेच काढला. दर वर्षी यावं लागेल असं सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "टीव्ही लावणार ना?" डॉक्टर हो म्हणाले. ते येतात.

मुंबईच्या मीटिंगमध्ये आमचं सेंटर बंद झालं नाही. नांदेड वेगळं केंद्र झालं, डॉ. काझींच्या नावाने. प्रोटोकॉलमध्ये दोन बदल झाले. बायोप्सी चालेल असं एक कलम आलं. दुसरं नातेवाइकांना नमुना दाखवण्याबद्दल होतं. नाडकर्णींनी ते लिहिताना मला तीनदा फोन केला. प्रोटोकॉल तपासणाऱ्या परदेशातल्या परीक्षकांनी त्यावर विचारलं होतं की हे कलम कशासाठी. नाडकर्णींनी एका ओळीत उत्तर दिलं, की त्याशिवाय बाकीची कलमं लागू होत नाहीत.

आधीच्या कोऱ्या स्लाइड्सचं काम राहिलं होतं. ज्यांची बायोप्सी काझींकडे किंवा माझ्याकडे झाली होती त्यांचे काप काढून पुन्हा तपासले. त्यांतल्या आणखी काहींना औषधाचा रस्ता मोकळा झाला. बाकीच्यांची बायोप्सी झालेलीच नव्हती. आतडं बंद होऊन ते थेट ऑपरेशनला आले होते. त्यांचे ब्लॉक माझ्या कपाटात आहेत. त्यांतले काही पेशंट आज नाहीत. त्यांच्यापैकी कुणाला हे औषध लागू पडलं असतं, ते त्या ब्लॉकमधून कळणार नाही.

अभ्यासात आता आणखी काही गावं आली आहेत. नव्या हॉस्पिटलशी पहिल्यांदा बोलताना मी मशीनचं किंवा फॉर्मालिनचं शेवटी विचारते. आधी विचारते, तुमच्याकडे गोळा बघायला कोण येतं, आणि त्याला किती लांबून यावं लागतं.